गुणवंतरावांची पारख

ब्रह्मपुरीच्या आसपासच्या गावांत एके काळी मुलाची पत्रिका पाहिली नाही तरी चालत असे, पण मुलगा गुणवंतरावांना दाखवल्याशिवाय कोणी सुपारी फोडत नसे. त्यांनी मान हलवली की लग्न पक्कं. त्यांनी काही न बोलता पानाच्या डब्याकडे हात नेला की मुलीच्या बापानं समजून उठायचं. कॉलेजात शिकवणारे, बँकेत बसणारे, चांगले शिकलेसवरलेले लोक आपली पोरगी कुणाच्या घरी द्यावी हे ठरवायला या एका माणसाच्या ओसरीवर मांडी घालून बसत. घरी जाताना एवढा खोल माणूस आपल्या ओळखीचा आहे याचा त्यांना अभिमानही वाटत असे.

ही कीर्ती सुरू झाली बैलांपासून. तरुणपणी गुणवंतरावांना बैल चांगला ओळखता येई, एवढं मात्र खरं. बाजारात ते बैलाचे दात पाहत, वशिंडावर हात ठेवत, त्याला थोडं चालवून पाहत आणि मग बोलत. त्यांनी निवडलेली जोडी चिखलात बसत नसे. ते पाहून शेजारच्या एका शेतकऱ्यानं आपल्या मुलीसाठी, कांतासाठी, मुलगा पाहायला त्यांना सोबत नेलं. ज्याला बैल कळतो त्याला जावईही कळेल, असा त्या शेतकऱ्याचा साधा विचार होता. मुलगा होता आरमोरीकडचा वारलू. गुणवंतरावांनी त्याला जेवताना पाहिलं, चालताना पाहिलं आणि होकार दिला. लग्न झालं, पोरंबाळं झाली, कांता कधी रडत माहेरी आली नाही. तेवढ्यावर गुणवंतराव माणसांचे पारखी झाले. बैल मागे पडले.

पुढे त्यांनी नियम बनवले. मुलगा जेवताना पाहावा, हे मुख्य. जेवताना मध्येच पाणी पिणारा मुलगा चंचल निघतो. ताटातला भात चिवडणारा आळशी. चपला काढताना एक इकडे, एक तिकडे टाकणारा घरात टिकत नाही. मोठ्यानं हसणाऱ्याकडे तर ते पुन्हा पाहतच नसत. या नियमांना आधार काय, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर गुणवंतरावांनी विचारणाऱ्याच्याच अकलेची कीव केली असती. कीव करायला त्यांना फार आवडे. पेपरातल्या जाहिराती पाहून स्थळ शोधणाऱ्यांची ते कीव करत, पत्रिका पाहणाऱ्यांची करत, आणि प्रेमविवाह करणाऱ्यांची तर नावही न घेता करत. 'शिकून राह्यले, पण माणूस नाई समजत यायले,' असं ते प्राध्यापकांच्या तोंडावर म्हणत आणि प्राध्यापक माना डोलवत.

त्यांची स्वतःची बायको रंभाबाई त्यांनी पाहून केलेली नव्हती. ते लग्न त्यांच्या वडिलांनी ठरवलं होतं. रंभाबाई ओसरीवर बसलेल्यांना चहा नेऊन देत आणि परत आत जात. तिथं काय बोलणं चाललंय यात त्यांनी कधी लक्ष घातलं नाही, आणि त्यांना काय वाटतं हे कधी कोणी विचारलं नाही.

एकोणीसशे सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात, धान मळून घरी आल्यावर, त्यांच्या पुतण्यानं, प्रवीणनं, आपल्या मुलीची गोष्ट काढली. मुलगी दिव्यानी. बी.ए. झालेली, मास्तरकीचा अभ्यास करत होती. चामोर्शीचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा खुशाल, त्याचं एसटीडी आणि झेरॉक्सचं दुकान, वडील बापूजी शेती पाहणारे. प्रवीणला स्थळ बरं वाटत होतं, पण काकाजींनी पाहिल्याशिवाय त्याला पुढे जायचं नव्हतं.

दिव्यानीनं हळूच विचारलं की चामोर्शीला आपणही यावं काय. गुणवंतरावांना हसू आलं.

"तू येऊन काय पाहशीन? तुले बाजारातलं वांगं ओळखता येत नाई, माणूस कसा ओळखशीन?"

प्रवीणनं काकाजींकडून जाण्याचा दिवस ठरवून घेतला.

सकाळी दोघं एसटीनं निघाले. आरमोरी जवळ आल्यावर गुणवंतरावांच्या मनात आलं, की वाटेत उतरून प्रवीणला वारलू आणि कांताचं घर दाखवावं. ही त्यांची लाडकी जोडी. कुठल्याही बैठकीत कुणी शंका काढली की ते या जोडीचं नाव घेत. इतकी वर्षं झाली, पण त्या घरात आवाज चढत नाही, असं ते सांगत. ते वर्षातून एकदा-दोनदा तिथं जात, पण जाण्याआधी आरमोरीच्या बाजारात निरोप धाडत. गेल्यावर वडे, खीर, सगळं तयार असे, आणि नवराबायको दोघंही समोर बसून गोड बोलत. या वेळी मात्र निरोप नव्हता. गुणवंतरावांना वाटलं, बरंच झालं, न सांगता गेलं की घर जसं आहे तसं दिसतं. हे त्यांनी प्रवीणला बोलूनही दाखवलं.

वारलू अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. कांता त्याच्यापासून हातभर अंतरावर भांडी घासत होती. पाहुण्यांना पाहून दोघंही उठले आणि दोघांचेही चेहरे उतरले. गुणवंतरावांना ते दिसलं नाही. ते खाटेवर बसून प्रवीणला संसार कसा असावा ते सांगू लागले.

वारलूनं सुनेला हाक मारली. सून मंगली घरातून बाहेर आली.

"मंगली, तुह्या सासूले सांग, भाऊ आले म्हणून."

सासू समोरच उभी होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ती मंगलीला म्हणाली, "तुह्या सासऱ्याले इचार, भाऊ जेवून जातीन का नुसता चहाच घेतीन."

मंगलीनं सासऱ्याला काही विचारलं नाही, कारण सासऱ्यानं ऐकलं होतं. त्यानं मंगलीलाच सांगितलं, की जेवूनच जातील. मंगली दूध आणायला शेजारी गेली. प्रवीणच्या ध्यानात काय ते आलं आणि तो पायांच्या बोटांकडे पाहत बसला. गुणवंतराव बोलतच होते. या घरात आवाज चढत नाही, हे त्यांनी पुन्हा सांगितलं.

मग कांताला पाण्याची घागर घेऊन आत जायचं होतं, आणि वारलूचा दोर दारात आडवा पसरलेला होता. मंगली घरात नव्हती. कांता घागर घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली. शेवटी ती खुंट्याला बांधलेल्या शेळीकडे पाहून म्हणाली, की दोर बाजूला झाला तर माणसाला आत जाता येईल. वारलूनं दोर ओढून घेतला.

गुणवंतराव मोठ्यानं हसले. कांताला त्यांनी विचारलं, की म्हातारपणी शेळीशी काय बोलून राह्यली. कोणी हसलं नाही. कांता घागर घेऊन आत गेली. तेवढ्यात मंगली दूध घेऊन आली आणि तिनं काय झालं असेल ते ओळखलं. ती नव्या पिढीची होती आणि या नाटकाला कंटाळली होती. तिनं सरळ सांगून टाकलं, की सासू-सासरे एकमेकांशी बोलत नाहीत. ती या घरात आल्यापासून तिनं दोघांना, गुणवंतराव निरोप पाठवून येत तेवढं सोडून, एकमेकांशी एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. थोरल्या नणंदेच्या लग्नातही सगळं मंगलीच्या मार्फत चाललं होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. आरमोरीत माहीत होतं. कांताच्या माहेरीसुद्धा माहीत होतं.

गुणवंतरावांना माहीत नव्हतं.

त्यांना आधी राग आला. वारलूला त्यांनी विचारलं की हे खरं काय. वारलू दोर वळत म्हणाला, की खरं आहे. कशावरून झालं, तर त्याला नीट आठवत नव्हतं, शेतातल्या धानाच्या बांधीवरून काहीतरी झालं होतं. आतून कांताचा आवाज आला, की बांधीवरून नव्हतं झालं. मग कशावरून, ते तिनं सांगितलं नाही. गुणवंतरावांनी दोनदा विचारलं, तरी नाही.

"मंग माह्यासमोर कसे बोलत होते?" गुणवंतराव म्हणाले. "मले काऊन बनवलं?"

कांता दारात येऊन उभी राहिली. तिनं पदराला हात पुसले.

"तुमाले कोण बनवन जी. तुमचा निरोप आला का बोला लागे. तुमचा मान होता. तवाच घरातलं काय राह्यलं-साह्यलं ते बोलून घेत होतो. तेवढंच बोलणं होतं आमचं."

वारलूनं मान वर केली नाही, पण त्याचे हात थांबले होते.

जेवण झालं. पुढची बस पकडून दोघं चामोर्शीकडे निघाले. प्रवीण खिडकीबाहेर पाहत राहिला, आणि काकाजींनी विषय काढू नये अशीच त्याची इच्छा होती. गुणवंतरावांनी तो काढला नाही. त्यांच्या डोक्यात त्यांनी जुळवलेली सगळी घरं एकेक करून येत होती. मूल गावची, सिंदेवाहीची, वडसाची. प्रत्येक घरी ते निरोप पाठवून गेले होते. प्रत्येक ठिकाणी खीर होती, हसणं होतं, 'तुमच्यामुळे सुखात आहे भाऊ' होतं. त्यांनी त्या घरांत आजवर काय पाहिलं होतं, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि त्यांना ताट, वाटी आणि पाट यापलीकडे एकही गोष्ट आठवेना. ज्या माणसाच्या नजरेला सगळा तालुका भितो त्याच्या नजरेत आयुष्यभर वाढलेली ताटंच पडली होती.

चामोर्शीला बापूजींचं घर माणसांनी भरलं होतं. शेजारीपाजारी, भाऊबंद, सगळे जमले होते. मुलगा पाहण्यापेक्षा गुणवंतराव मुलगा कसा पाहतात ते पाहायला आले होते. बापूजी दारापर्यंत सामोरे आले. दाराशी चपलांची रांग इतकी सरळ लावलेली होती, की सुताराला लाज वाटावी.

खुशाल जेवायला बसला. उंच, सावळा, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेला मुलगा. पानात भात, वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे, भाजी. सगळे गुणवंतरावांकडे पाहत होते आणि गुणवंतराव खुशालकडे. मुलगा भाताचे घास मोजल्यासारखे घेत होता. वरच्या ढिगाला धक्का न लावता एका कडेनं खात होता. वडा तिखट असावा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला उचकी लागली. पाण्याचा तांब्या त्याच्या उजव्या हाताशी होता. त्यानं तांब्याला हात लावला नाही. पुन्हा उचकी आली. त्यानं घास गिळला. तिसऱ्या उचकीला त्याचं सगळं अंग हललं, तरी तो पाणी पिईना.

गुणवंतरावांना तेव्हा कळलं. त्यांचे नियम ब्रह्मपुरीपासून चामोर्शीपर्यंत सगळ्यांना पाठ होते. मुलांचे बाप ते नियम पोरांकडून घोटून घेत होते. कोण जाणे किती वर्षांपासून त्यांच्यासमोर बसलेला प्रत्येक मुलगा तहान दाबून जेवत होता, आणि ते त्याला स्थिर बुद्धीचा ठरवत होते.

"पोरा, पाणी पी," ते म्हणाले.

खुशालनं बापाकडे पाहिलं. बापूजींनी कळेल न कळेल अशी मान हलवली.

"नाई जी," खुशाल म्हणाला, "मले जेवताना पाण्याची सवय नाई." आणि त्याला उचकी आली.

हात धुऊन झाल्यावर सगळे बैठकीत बसले. पान आलं. नेहमी या वेळी गुणवंतराव डोळे मिटून थोडा वेळ बसत आणि मग मुलाच्या स्वभावाबद्दल दोन वाक्यं बोलत. लोक ती दोन वाक्यं वर्षानुवर्षं सांगत फिरत. आज त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना दारात आडवा पडलेला दोर दिसला. बापूजींनी हात जोडून विचारलं, की भाऊ, कसा वाटला पोरगा.

"मले काई समजत नाई," गुणवंतराव म्हणाले.

कोणी पुन्हा विचारण्याची हिंमत केली नाही. बापूजींच्या तोंडावरचा रंग गेला. प्रवीणनं घाईघाईनं निरोप घेतला, आणि दोघं निघाले तेव्हा घरातल्या बायका दाराआडून पाहत होत्या.

आयुष्यात पहिल्यांदा गुणवंतराव खरं बोलले होते, आणि ते खरं मानायची कुणाची तयारी नव्हती. प्रवीणनं बसमध्येच ठरवून टाकलं, की काकाजींना त्या मुलात काहीतरी फार वाईट दिसलं असलं पाहिजे. इतकं वाईट, की चारचौघांत बोलता येईना. गुणवंतरावांनी त्याला समजावलं, की मला खरंच कळलं नाही, मुलगा चांगला असेल, वाईट असेल, मला ठाऊक नाही. प्रवीण समजूतदारपणे हो म्हणाला आणि घरी जाऊन त्यानं स्थळ मोडलं. आठवड्याच्या आत गोष्ट गावोगाव झाली. कोणी म्हणालं, मुलाला दारूचं व्यसन आहे. कोणी म्हणालं, मुलाला फिट येते, जेवताना अंग हलताना सगळ्यांनी पाहिलं. उचकीची मिरगी व्हायला एक बाजार पुरला. ज्यांनी ती उचकी पाहिलीही नव्हती ते हातवारे करून ती दाखवू लागले.

गुणवंतराव भेटेल त्याला सांगू लागले, की मी तसं बोललो नव्हतो. लोक नम्रपणे ऐकत. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, दुसऱ्याच्या पोराची बदनामी झाकतो, असं एकमेकांना म्हणत.

त्या दिवसांत एका दुपारी रंभाबाई मागच्या पडवीत सुपात तांदूळ पाखडत होत्या. गुणवंतराव बराच वेळ त्यांच्याजवळ उभे राहिले. त्यांना काही विचारायचं होतं आणि कसं विचारायचं ते येत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, की या घरात तू सुखी आहेस काय.

रंभाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं.

"काऊन जी? भाजी खारट झाली होती काय?"

भाजी खारट नव्हती, असं गुणवंतराव म्हणाले. मग बरं, असं म्हणून रंभाबाईंनी सूप पुन्हा उचललं. गुणवंतरावांनी पुढे विचारलं नाही. उत्तर हो आहे की नाही, हे त्यांना त्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही. परक्या पोरांचे चेहरे वाचून त्यांनी लग्नं लावली होती, आणि रोज समोर दिसणारा हा एक चेहरा त्यांना अजून कळला नव्हता.

चार दिवसांनी दिव्यानी आली. ती चिडलेली होती, आणि मोठ्या माणसांसमोर चिडण्याची तिला सवय नव्हती, म्हणून तिचा आवाज कापत होता. मैत्रिणींनी तिला फिटवाल्या मुलापासून वाचल्याबद्दल पेढे मागितले होते.

"आबाजी, त्याले काय आहे ते सांगा मले."

"काईच नाई बाई. त्याले उचकी लागली होती."

"मंग तुमी तसं काऊन म्हणले?"

गुणवंतरावांनी तिला सांगितलं, की मला समजत नव्हतं म्हणून समजत नाही म्हणालो.

"समजत नाई तं मंग इतके वर्षं लोकायच्या घरी जाऊन जेवले कशाले?"

असं त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. आत रंभाबाईंच्या सुपाचा आवाज बंद झाला. गुणवंतरावांना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी तिला विचारलं, की तुला तो मुलगा आवडला असता काय. तिनं सांगितलं, की आपण त्याला पाहिलंच नाही, तर कसं सांगावं. तिला फोटोत त्याचे कान मोठे वाटले होते, एवढंच तिला त्याच्याबद्दल माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव एकटेच काळीपिवळी जीप धरून निघाले. आरमोरीच्या अलीकडे ते वारलूच्या घरी उतरले. आपण आता काय करणार आहोत हे त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं. कांतानं चहा दिला. वारलू पिकापाण्याचं बोलला. दोघंही गुणवंतरावांशी बोलले आणि एकमेकांशी बोलले नाहीत. आता तशी गरज राहिली नव्हती. पूर्वी त्यांच्या येण्यानं या घरात तासभर तरी शब्द फिरत होते, तेवढेही आता बंद झाले होते. गुणवंतरावांनी चहा संपवला आणि जे सांगायचं होतं ते न सांगता ते उठले.

चामोर्शीला बापूजी त्यांना पाहून घाबरले. आता हा माणूस आणखी काय सांगायला आला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. गुणवंतरावांनी माफी मागितली. बापूजींना माफी कळेना.

"तुमाले काई दिसलं असंन तं सांगून टाका भाऊ," ते हात जोडून म्हणाले. "आमी त्याले गडचिरोलीले दाखवलं, चंद्रपूरले दाखवलं. डॉक्टर म्हणते काईच नाई. पण डॉक्टरले काय समजते?"

बापाचाच पोरावर विश्वास उडाला होता. गुणवंतरावांनी डोक्याला हात लावला. तेवढ्यात खुशाल दुकानातून आला. त्याला दोन ठिकाणांहून नकार आले होते, आणि गावात मुलं त्याला पाहून उचक्या देत होती. तो गुणवंतरावांच्या पाया पडला नाही. तो एवढंच म्हणाला, की वडा तिखट होता. गुणवंतराव म्हणाले, की मला माहीत आहे. मग त्यांनी त्याला सांगितलं, की येत्या रविवारी ब्रह्मपुरीला ये, माझ्या घरी मुलीशी बोल, आणि तुमचं तुम्ही ठरवा. मी मध्ये बसणार नाही.

खुशाल आला. येताना त्याच्या शर्टाची वरची गुंडी उघडी होती. रंभाबाईंनी पोहे केले. गुणवंतराव आणि प्रवीण मागच्या पडवीत जाऊन बसले, आणि ओसरीवर दोघं बराच वेळ बोलत होते. एकदा दोघांच्या हसण्याचा आवाज आला, चांगला मोठ्यानं. प्रवीणनं दचकून काकाजींकडे पाहिलं. काकाजी जमिनीकडे पाहत होते. त्यांना मनातून फार वाटत होतं, की हे जमावं. जमलं तर झालेलं नुकसान थोडं तरी भरून निघेल, पोराचं नाव साफ होईल, आणि आपल्यालाही सुटल्यासारखं वाटेल. त्यांना वाटलं, जमणारच. हसण्याच्या आवाजावरून त्यांनी तसं ओळखलं.

खुशाल गेल्यावर दिव्यानी आत आली आणि नाही म्हणाली.

प्रवीणनं विचारलं, काही खोट आहे काय. ती म्हणाली, खोट नाही, तो चांगला मुलगा आहे, पण मला नाही जमत. का, तर ते सांगता येत नाही. पूर्वी 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्या पोरींवर गुणवंतराव तासभर बोलू शकत. या वेळी त्यांनी तिला पाणी दिलं.

आणि गाव म्हणालं, पाहा. गुणवंतरावांना त्याच दिवशी दिसलं होतं. मुलगा घरी बोलावून मुलीला दाखवला आणि मुलीनंही तेच सांगितलं. आता त्यांची कीर्ती पार नागभीडच्या पलीकडे गेली. लोक जीप करून येऊ लागले. गुणवंतराव दारातच सांगत, की मी मुलं पाहणं सोडलं, मला त्यातलं काही समजत नाही. ऐकणारे एकमेकांकडे पाहत, फोटो खिशात ठेवत आणि घरी जाऊन स्थळ मोडत. अशी चार-दोन चांगली स्थळं त्यांच्या दारातून मोडून गेल्यावर गुणवंतरावांनी सकाळी लवकर शेतावर जाऊन संध्याकाळी परत यायला सुरुवात केली. लोक शेतावर येऊ लागले.

खुशालचं लग्न पुढच्या वर्षी सिरोंचाकडच्या एका मुलीशी झालं. तिकडे गुणवंतरावांचं नाव कोणी ऐकलं नव्हतं, हे त्याचं नशीब.

दिव्यानीला गडचिरोली जिल्ह्यात शाळेत नोकरी लागली. तिनं तिथल्याच एका मास्तरशी लग्न ठरवलं आणि मग घरी कळवलं. प्रवीणनं आदळआपट केली. तो काकाजींकडे धावत आला, की तुम्ही एकदा मुलगा पाहून घ्या. गुणवंतरावांनी ठाम नकार दिला. समजत नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. ते शब्द तोंडातून काढायची त्यांना आता भीती वाटे. गुडघे दुखतात, असं त्यांनी सांगितलं.

लग्नाला ते गेले. मांडवात पुढच्या रांगेत त्यांना खुर्ची दिली. रंभाबाई बायकांत बसल्या होत्या आणि कुणाशी तरी बोलताना मनापासून हसत होत्या. गुणवंतराव दुरून त्यांच्याकडे पाहत राहिले. ती बाई कोण, गोष्ट कोणती, हसू कशाचं, त्यांना काहीच माहीत नव्हतं. घरी गेल्यावर विचारावं, असं त्यांनी ठरवलं.

पंगत बसली. शेजारी बसलेला वरपक्षाचा एक गृहस्थ त्यांना ओळखत होता. त्यानं जवळ सरकून, आवाज खाली आणून विचारलं, "भाऊ, आमचा पोरगा कसा वाटला?"

गुणवंतरावांनी समोर पाहिलं. नवरदेव खांद्यावरचं उपरणं सावरत मित्रांशी बोलत होता. चेहऱ्यावर घाम होता. तो चांगला असेल. नसेलही.

"वांग्याची भाजी चांगली झाली," गुणवंतराव म्हणाले, आणि त्यांनी घास घेतला.

गृहस्थानं गंभीरपणे मान हलवली. जेवण अर्धवट टाकून तो उठला आणि पलीकडच्या रांगेत जाऊन कुणाच्या तरी कानाला लागला. थोड्या वेळानं त्या रांगेतले सगळे जण नवरदेवाकडे वळून पाहू लागले.